न बांधलेले विमान

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी यंदा आम्हांस बोलावले ते एका प्रेमळ अटीवर. "संप, बोनस आणि ग्रॅच्युइटी सोडून कशावरही बोला," असे ते म्हणाले. आम्ही विमानावर बोलायचे ठरविले. युनियनवाल्याचा विमानाशी संबंध काय, असे काही मित्रांनी हसत विचारलेही. संबंध इतकाच की आम्ही तारोडीस राहतो. रात्री जेवण आटोपून ओट्यावर बसले म्हणजे समुद्राच्या अंगाने मुंबईकडे उतरणारी विमाने दिसतात. विमान दिसते असे म्हणणेसुद्धा बरोबर नव्हे. दिसतो तो दिवा, आणि आवाज मागाहून येतो. एकदा शेजारचे एक वृद्ध नाखवा आमच्याजवळ बसले होते. बराच वेळ वर पाहून ते म्हणाले, "त्याने दिवे मालवले, तर ह्या काळोखात त्याला कोण शोधील हो?"

दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धात जर्मनीतील मोठमोठ्या विद्वानांची झोप ह्याच प्रश्नाने उडविली होती. त्याचे शेवटचे उत्तर म्हणून त्यांनी एक विमान कागदावर काढले. ते कधी उडाले नाही, कारण ते कधी बांधलेच गेले नाही. अशा विमानाची कथा सांगण्यात काय हशील, असे कोणी म्हणेल. पण आमचा अनुभव असा की जे यंत्र उभे राहते ते आपल्या कर्त्याची कीर्ती सांगते, आणि जे उभे राहत नाही ते त्या कारखान्याचे खरे हिशेब सांगते.

जर्मनीवर इंग्रजांची बाँबफेकी विमाने मुख्यतः रात्री येत आणि अमेरिकनांची दिवसा. रात्री शेकडो विमाने येत, दिवे मालवून. त्यांस अडविणाऱ्या वैमानिकाची स्थिती अमावास्येच्या रात्री खाडीच्या मुखाशी दुसरी होडी शोधणाऱ्या नाखव्यासारखी असे. किनाऱ्यावरून कोणी हाक मारून दिशा सांगावी, आणि जवळ गेल्यावर आपल्याच कानांनी अंदाज घ्यावा. किनाऱ्यावरची हाक म्हणजे जमिनीवरचे रडार. आपले कान म्हणजे विमानात बसविलेले लहान रडार. १९४३ च्या जुलैत हँबर्ग शहरावर हल्ले झाले, तेव्हा इंग्रजांनी प्रथमच ॲल्युमिनियमच्या वर्खाच्या पट्ट्या आकाशातून लाखोंनी सोडल्या. प्रत्येक पट्टीवरून रडारच्या लहरी परतू लागल्या. जणू सगळा किनाराच एकाच वेळी हाका मारू लागला, आणि खरी हाक कोणती ते कळेना. त्या आठवड्यात हँबर्गमध्ये आगीचे वादळ उठून तीस हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत बहुसंख्य साधी, कामकरी वस्तीतली माणसे होती. आम्ही ही गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे सांगणार आहोत ते ऐकून कोणास वाटू नये की दुःख एकाच बाजूस होते.

जर्मनांपाशी रात्रीच्या लढाईस योग्य अशी विमाने होती. परंतु ती पंख्याच्या इंजिनाची, आणि नाकावर रडारच्या तारांचे मोठे थोरले शिंग बांधलेली. सांबराने शिंगे घेऊन झुडपांतून पळावे, तशी त्यांची गती वाऱ्यात अडकत असे. इंग्रजांचे मॉस्किटो विमान लाकडी, हलके आणि वेगवान. ते सहसा हाती लागत नसे. शेवटी मेसरश्मिट २६२ ह्या जेट विमानाच्या दोन आसनी शिकाऊ प्रतीत रडार बसवून रात्रीचे काम भागविण्यात आले. कुर्ट वेल्टर ह्या वैमानिकाच्या हाताखाली अशा मोजक्या विमानांची एक तुकडी बर्लिनच्या आसपास लढली. पण ती सोय तात्पुरती होती. शिंगे तिच्याही नाकावर होतीच, आणि हवेत फार वेळ टिकण्याची ताकद तिच्यात नव्हती.

शिंगांवर तोड मात्र सापडली होती, आणि ती शत्रूकडूनच आली होती. १९४३ च्या फेब्रुवारीत रॉटरडॅमजवळ पाडलेल्या एका इंग्रज विमानात जर्मनांस नवे रडार मिळाले. ते सुमारे ९ सेंटिमीटर लांबीच्या लहरींवर चाले. लहर आखूड झाली की तारांच्या शिंगांची गरज उरत नाही. एक लहानशी ताटली नाकाच्या आत, आवरणाखाली झाकून ठेवता येते. आता नाक गुळगुळीत राहणार होते आणि विमान जेटच्या वेगाने धावू शकणार होते.

तेव्हा १९४५ च्या जानेवारीअखेर जर्मन हवाई दलाने कारखान्यांकडे मागणी धाडली: रात्री व वाईट हवेत लढणारे जेट विमान पाहिजे, ९,००० मीटर उंचीवर ताशी ९०० किलोमीटर वेग, हवेत चार तास राहण्याची शक्ती, चार तोफा, पोटात रडार. श्रोतेहो, तारीख ध्यानात घ्या. त्याच दिवसांत, २७ जानेवारीस, रशियन सैन्याने आउश्वित्सची छळछावणी मुक्त केली, आणि महिना संपता संपता ते ओडर नदीवर, बर्लिनपासून सत्तरेक किलोमीटरांवर येऊन ठेपले. शत्रू अंगणात आलेला आणि घरातली शहाणी मंडळी नव्या माडीचा नकाशा काढीत बसलेली! फेब्रुवारीत तर मागणी आणखी वाढविली गेली.

तरीही आराखडे आले. मेसरश्मिट, डॉर्निअर, आराडो, गोथा, फोके-वुल्फ आणि हँबर्गची ब्लोम अँड फॉस, सर्वांनी कागद पाठविले. कारखाने जळत होते, आगगाड्या बंद पडत होत्या, पण आरेखनाच्या टेबलावर पेन्सिली चालूच होत्या. ह्याचे एक कारण आम्हांस फार मानवी वाटते. ज्याच्या टेबलावर हवाई दलाचा निकडीचा नकाशा आहे, त्यास रशियन आघाडीवर कोणी पाठवीत नव्हते.

निवडीचा कौल मार्चमध्ये ब्लोम अँड फॉसच्या 'पी २१५' ह्या आराखड्याकडे झुकला. तो काढणारा रिखार्ड फोग्ट हा मोठा विलक्षण माणूस. तरुणपणी तो जपानात कावासाकी कंपनीत दहा वर्षे काम करून आलेला. त्याने पूर्वी एक असे विमान बनवून उडविले होते की ज्याची एक बाजू दुसरीसारखी नव्हती. पी २१५ला वेगळी शेपूट जवळजवळ नव्हतीच. पंख मागे झुकलेले आणि त्यांची टोके खाली वळलेली. दोन जेट इंजिने धडाच्या मागच्या अंगाला शेजारीशेजारी. पुढे तीन माणसांची खोली. नाकात रडारची ताटली आणि ३० मिलिमीटरच्या तोफा. नकाशा पाहिला की वटवाघळाची आठवण होते. वटवाघूळही आवाजाच्या प्रतिध्वनीवर अंधारात शिकार करते. माणसाने फार बुद्धी चालविली म्हणजे तो कधी कधी निसर्गाच्या दारी येऊन पोहोचतो.

मागणीपेक्षा हा आराखडा सरस होता असे जाणकार म्हणतात. ३ मे रोजी हँबर्ग शरण गेले, आणि कौल लागल्यापासून दोन महिन्यांच्या आत सारेच संपले.

येथे बहुतेक पुस्तके थांबतात व म्हणतात, "आणखी एक वर्ष मिळते तर!" आम्हांस हे पटत नाही. आणखी वर्ष मिळाले असते तरी ते विमान उडाले असते काय? ज्या इंजिनांच्या भरवशावर हा नकाशा काढला होता ते हाइन्केल कंपनीचे '०११' जातीचे इंजिन. १,३०० किलो जोर देणारे इंजिन म्हणून त्याची जाहिरात होती, पण प्रत्यक्षात त्याची वीसएक नगदेखील तयार झाली नाहीत आणि तयार झालेली भरवशाची नव्हती. गंमत अशी की त्या काळच्या जवळजवळ प्रत्येक नव्या जर्मन नकाशात हेच इंजिन गृहीत धरलेले आहे. आडातच नाही तर पोहऱ्यात कोठून येणार?

जे इंजिन खरोखर कारखान्यातून निघत होते, ते युंकर्सचे '००४'. जेट इंजिनाच्या पोटात लालभडक उष्णता असते. तिला टिकणाऱ्या पोलादात निकेल आणि क्रोमियम मुबलक पाहिजे, आणि जर्मनीस त्यांची भयंकर टंचाई होती. म्हणून त्यांनी साध्या पोलादाच्या पत्र्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा देऊन ज्वलनाच्या नळ्या केल्या. त्यामुळे इंजिनाचे आयुष्य दहा ते पंचवीस तासांवर आले.

भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यांत ज्यांनी आयुष्य काढले त्यांस हे प्रकरण समजावून सांगण्याची गरज नाही. निकेलचा भाव चढला की आमच्याकडे कमी निकेलचा पत्रा येतो. काही वर्षांपूर्वी एका मालकाने, नाव सांगण्याचे कारण नाही, एका उंच डब्याची नवी डाय करून आणली. नकाशा सुरेख होता. प्रेसवरच्या वयस्क कामगाराने पत्र्याचे गोल हातात घेऊन सांगितले, "शेट, हा पत्रा एवढा ओढ घेणार नाही." त्याचे कोणी ऐकले नाही. डबे निघाले, पॉलिशही झाले, आणि तिसऱ्या रात्री गोदामात रचलेले डबे आपोआप उभे चिरू लागले. टच्, टच् असा आवाज आम्ही स्वतः ऐकला आहे. नुकसान कामगारांच्या पगारातून कापण्याचा घाट घातला गेला, आणि तो मोडण्यास आम्हांस दोन महिने लागले. तेव्हापासून कोणताही सुरेख नकाशा पाहिला की आम्ही प्रथम विचारतो: पत्रा कोणता, आणि प्रेसवर कोण?

पत्र्याचे सांगून झाले. आता प्रेसवर कोण होते ते सांगितले पाहिजे. चिटणीसांची अट आम्ही येथे मोडीत आहोत, त्याबद्दल क्षमा असावी.

युंकर्सची ही इंजिने नॉर्डहाउसेनजवळच्या डोंगरात खणलेल्या बोगद्यांतही जोडली जात. त्याच बोगद्यांत लंडनवर सोडायची रॉकेटे बनत. बोगदे वाढविण्याचे आणि रॉकेटे जोडण्याचे काम डोरा नावाच्या छळछावणीतील कैदी करीत. इंजिनांच्या कामावर मुख्यतः परदेशांतून धरून आणलेले वेठीचे मजूर असत. कैद्यांत रशियन, पोलिश, फ्रेंच, पुष्कळ देशांचे लोक होते. आरंभीच्या महिन्यांत ते बोगद्यातच झोपत आणि त्यांस सूर्य दिसत नसे. सुमारे ६०,००० माणसे त्या छावणीतून गेली आणि त्यांतली सुमारे २०,००० मेली. मेसरश्मिट २६२ची धडे ऑस्ट्रियात गुसेन येथील कैदी अशाच भुयारांत बनवीत. आणि ब्लोम अँड फॉस? हँबर्गच्या त्यांच्या गोदीत १९४४ च्या ऑक्टोबरापासून नॉयेनगामे छळछावणीची एक शाखाच होती. म्हणजे फोग्टसाहेबांच्या कंपनीच्या दारातच ती वस्ती होती. पी २१५ बांधले गेले असते, तर ते ह्याच हातांनी आणि ह्याच भुयारांत बांधले गेले असते; दुसरे हात व दुसऱ्या जागा त्या देशात उरल्याच नव्हत्या. ज्यास पोटभर अन्न नाही आणि उद्याची खात्री नाही, त्याच्या हातून सूक्ष्म मापाचे काम होत नाही. काही जण तर जाणूनबुजून जोड कच्चा ठेवीत आणि सापडले तर फाशी जात. नकाशावर ह्या गोष्टीसाठी रकाना नसतो.

ह्या कथेचा एक धागा आपल्या मुलखापर्यंत येतो. तो ओढून पाहिल्याखेरीज आम्हांस बसवत नाही.

पी २१५चे पंख मागे झुकलेले होते. वेग ध्वनीच्या जवळ गेला की असे पंख हितकर, हे प्रथम आडोल्फ बुझेमान ह्या जर्मनाने १९३५ साली रोमच्या परिषदेत मांडले. बुझेमान पूर्वी गॉटिंगेन येथे लुडविग प्रांट्ल ह्यांच्या संस्थेत काम केलेला. हे प्रांट्ल म्हणजे वायुगतिशास्त्राचे जणू कुलगुरू. आणि त्याच सुमारास त्यांच्याच हाताखाली एक मराठी तरुण शिकत होता. विष्णु माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लजजवळील हसूरचंपू हे त्यांचे जन्मगाव. जन्म १९०८ चा. १९३६ साली ते गॉटिंगेनहून डॉक्टरेट घेऊन परतले. ह्या देशात तेव्हा विमानाचा कारखानाच नव्हता. तो १९४० च्या डिसेंबरात सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी बंगळुरास काढला, आणि घाटगे तेथे गेले. स्वातंत्र्यानंतर त्यांच्या नेतृत्वाखाली आरेखलेले 'एचटी-२' हे शिकाऊ विमान १९५१ च्या ऑगस्टात उडाले. भारतात आरेखून भारतात बांधलेले ते पहिले पंख्याचे विमान. इंजिन मात्र इंग्रजी होते. ही टीप लक्षात ठेवावी.

१९५६ साली बंगळुरास दुसरे एक गृहस्थ आले: कुर्ट टांक. हे फोके-वुल्फ कंपनीचे मुख्य आरेखक. जानेवारी १९४५ च्या त्या मागणीस ज्या कार्यालयांनी रात्रीच्या जेट विमानाचे नकाशे पाठविले, त्यांत ह्यांचेही कार्यालय होते. त्यांचा स्पर्धेतला कागद मागे पडला होता. त्याआधी त्यांनी मॉस्किटोच्या धर्तीवर 'टीए १५४' हे लाकडी रात्रविमान प्रत्यक्ष बांधले होते. लाकूड जोडण्याचा विशेष सरस वुपरटालच्या एका कारखान्यात होई. त्या शहरावर बाँब पडले, बदली सरस वापरला, आणि त्यातल्या आम्लाने लाकूडच खाल्ले. विमाने हवेत उकलली. सुतारकाम करणाऱ्यास ह्यावर अधिक सांगायला नको. युद्धानंतर टांक निराळ्या नावाने अर्जेंटिनास गेले, तेथे एक जेट विमान उडविले, तेथील राजवट पडल्यावर अठरा जर्मन सहकाऱ्यांसह भारतात आले.

भारताच्या हवाई दलाची मागणी जबर होती: ध्वनीच्या दुप्पट वेगाचे लढाऊ विमान. आरेखन विभागात माणसे जेमतेम पन्नास-पंचावन्न. तरी काम झाले. आधी पूर्ण मापाचे लाकडी, बिनइंजिनाचे विमान केले आणि १९५९ साली डकोटा विमानाने दोराने ओढून आकाशात नेऊन सोडले. त्या लाकडी विमानाचे सुतार कोण होते ते इतिहासात आमच्या वाचनात आले नाही, पण त्यांची फळी नीट बसली होती एवढे नक्की. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास ह्यांनी खरे विमान उडविले. त्याचे नाव 'मरुत'. वाऱ्यासाठी ह्याहून सुंदर शब्द आपल्याकडे नाही.

आता इंजिन! ज्या ब्रिटिश ऑर्फियस इंजिनावर टांकनी हिशेब केला होता, त्याची मोठी प्रत सुमारे ३,७०० किलो जोर देणार होती. ब्रिटिशांनी तिचे काम सोडून दिले, आणि खर्च सोसून ते पुढे नेण्यास भारत सरकार तयार झाले नाही. मग हाती होते ते सुमारे २,२०० किलो जोराचे लहान ऑर्फियस, तेच दोन बसविले. ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी काढलेले विमान कसेबसे ध्वनीच्या वेगाशी पोहोचले. रशियाकडे चौकशी झाली. इजिप्तमध्ये एक जर्मन भाषिक चमू इंजिन तयार करीत होता, म्हणून एक मरुत तेथेही धाडले आणि १९६७ साली त्यात ते इंजिन बसवून उडविलेही. तो उद्योगही बंद पडला. घरच्या घरी ऑर्फियसला मागे जाळ लावून जोर वाढविण्याचा प्रयत्न झाला, आणि तशाच विमानाच्या अपघातात १० जानेवारी १९७० रोजी सुरंजन दास गेले.

मरुत वाईट होते असे म्हणणारांशी आम्ही सहमत नाही. १९७१ च्या युद्धात राजस्थानच्या सीमेवर त्याने जमिनीलगत उडून चोख काम केले. एक इंजिन निकामी झालेली विमाने दुसऱ्यावर परत आली. एकंदर १४७ विमाने बांधली गेली, म्हणजे बंगळुराच्या कामगारांनी दर नगागणिक आपला हात पक्का केला. पुढची पायरी चढण्याच्या वेळी मात्र शिडी काढून घेतली गेली. दरम्यान १९६४ साली आपल्या नाशिकजवळ ओझरला मिग विमानांचा कारखाना आला. नकाशा रशियाचा, हात आपले. टांक १९६७ मध्ये बंगळुराचे काम सोडून गेले. घाटगे ह्यांच्या 'किरण' विमानालाही इंजिन ब्रिटिशच बसले. त्यानंतर 'तेजस' आले. त्याच्यासाठी १९८९ पासून 'कावेरी' नावाचे इंजिन घडविण्याचा प्रयत्न चालला, पण २००८ साली ते त्या विमानापासून वेगळे काढण्यात आले आणि तेजस अमेरिकन इंजिनावरच उडत राहिले.

जर्मनीत भुयारातले कैदी होते आणि बंगळुरात पगारी, संघटित कामगार होते. ही दोन उदाहरणे एका तागडीत तोलण्याचे पाप आम्ही करणार नाही. सारखे आहे ते इतकेच की दोन्ही ठिकाणी धडाचा नकाशा आधी काढला आणि इंजिन कोणीतरी देईल असे धरून चालले. धड दोन-चार वर्षांत काढता येते. इंजिनाला धातू ओतणारा, पाती घासणारा, भट्टीचा रंग पाहून तापमान सांगणारा माणूस लागतो, आणि तो माणूस तयार व्हायला वीस वर्षे त्याच कामावर टिकावा लागतो. त्याला दर अकरा महिन्यांनी घरी बसवून तो तयार होत नाही. हे आम्ही मालकांना सांगतो, तेव्हा ते म्हणतात, हे युनियनचे भाषण आहे. असेल.

काही वर्षांपूर्वी एका अधिवेशनासाठी पुण्यास गेलो असता दुपारी वेळ होता, म्हणून कमला नेहरू उद्यानात गेलो. तेथे एक मरुत विमान ठेवलेले आहे असे ऐकले होते. होते. मुले घसरगुंडीवरून उतरून त्याच्याकडे धावत होती. आम्ही मागे जाऊन शेपटीखालची दोन गोल तोंडे पाहिली, शेजारीशेजारी, त्या जर्मन नकाशात होती तशीच. एक सातआठ वर्षांचा मुलगा आपल्या वडिलांना विचारीत होता, "बाबा, ह्याचं इंजिन कुणी बनवलं?" वडील मोबाइलवर काही पाहत होते. ते म्हणाले, "आपणच बनवलं असेल रे." मुलगा आमच्याकडे पाहू लागला, बहुधा आमच्या पांढऱ्या केसांमुळे. सांगायचे तर पुष्कळ होते. आम्ही घड्याळ पाहिले. गाडीला चाळीस मिनिटे होती. आम्ही त्याला म्हटले, "बाळ, चल, त्या बाकावर बसू."